मोटारीच्या पोटातले पाणी

मोटारीच्या इतिहासाची पुस्तके उघडली म्हणजे त्यांत इंजिनाचा पराक्रम, चाकांचा वेग आणि रंगरूपाचा थाट यांचे वर्णन पानोपानी सापडते. पण ज्या पाण्यावाचून हा सारा पराक्रम घटकाभरात वितळून जाईल, त्याच्या वाट्याला एखाददुसरी ओळच येते. पंगतीत वाढप्याकडे कोणाचे लक्ष नसते, तसाच हा प्रकार. वाढपी दिसेनासा झाला म्हणजे मात्र सगळी पंगत मागे वळून पाहते. मोटारीतले पाणी असते तोवर कोणी त्याचे नाव काढीत नाही. ते कमी होऊ लागले, आणि भरले तरी पुन्हा पुन्हा कमी होऊ लागले, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो: हे पाणी जाते तरी कुठे?

हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. आणि गंमत अशी की मोटार जसजशी सुधारत गेली, तसतसे त्याचे उत्तर सोपे होण्याऐवजी अवघड होत गेले. हे कसे घडले त्याची हकीकत येथे सांगायची आहे. ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांना ती उपयोगी पडावी. ज्यांच्या दारात नाही त्यांनी फराळाचे ताट जवळ ठेवून ती करमणूक म्हणून वाचावी.

प्रथम पाण्याचे काम काय ते पाहू. इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा तेथील वायूंचे तापमान दोन हजार अंशांच्याही वर जाते. बिडाचे लोखंड सुमारे बाराशे अंशांना वितळते, अॅल्युमिनियम तर साडेसहाशेच्या पुढे टिकत नाही. म्हणजे ज्या भांड्यात आपण स्वयंपाक करतो आहो, त्या भांड्यापेक्षा आतला जाळ प्रखर आहे! भांडे वाचवायचे तर त्याच्या भोवतीची उष्णता क्षणोक्षणी काढून नेली पाहिजे. पेट्रोलात असलेल्या उष्णतेचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा, जुन्या गाड्यांत त्याहूनही कमी, चाकांना मिळतो. तेवढाच एक हिस्सा धुरावाटे जातो. आणि उरलेला बहुतेक पाण्याच्या गळ्यात पडतो. स्कूटरसारख्या लहान इंजिनाला वाऱ्याची झुळूक पुरते. चार माणसे आणि त्यांचे सामान ओढणाऱ्या इंजिनाला बहुधा पाणीच लागते.

कार्ल बेंझ याने 29 जानेवारी 1886 रोजी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी जर्मनीत अर्ज केला, तेव्हा त्याने पाण्याची व्यवस्था अगदी साधी ठेवली होती. इंजिनाभोवती पाणी खेळवायचे, ते उकळू द्यायचे आणि वाफ उघड्या हवेत सोडून द्यायची. चुलीवरच्या आधणासारखीच ही रीत. वाफ होताना पाणी पुष्कळ उष्णता घेऊन जाते, म्हणून इंजिन थंड राही; पण पाणी मात्र सारखे संपे. 1888 च्या ऑगस्टमध्ये कार्लची पत्नी बेर्था ही आपल्या दोघा मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभर किलोमीटरांच्या वरचा तो प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून प्रसिद्ध आहे. वाटेत तिने विसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतले, ही गोष्ट सर्वत्र सांगतात. पाण्याची गोष्ट तितकी सांगत नाहीत. विहीर दिसो, ओढा दिसो की खाणावळ दिसो, तिला थांबून गाडीला पाणी पाजावे लागत होते.

बेर्थाबाईंना एक चिंता मात्र नव्हती. पाणी कुठे जाते हे त्यांना दिसत होते. ते डोळ्यांदेखत वाफ होऊन वर जात होते. या पहिल्या मोटारीत जाणारे पाणी लपत नव्हते, हे ध्यानात ठेवावे. पुढच्या साऱ्या हकीकतीत तेच हळूहळू लपत जाणार आहे.

वाफ सोडून देण्याऐवजी तेच पाणी गार करून पुन्हा वापरावे, हा पुढचा विचार. त्याला नीटस रूप दिले विल्हेल्म मायबाख याने. 1900 च्या अखेरीस तयार झालेल्या आणि 1901 मध्ये नावारूपाला आलेल्या 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीस गाडीला त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात सहा-सहा मिलिमीटरच्या चौकोनी 8,070 बारीक नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाही आणि त्यांच्या भोवतालच्या फटींतून पाणी फिरे. आधीच्या गाडीला जिथे 18 लिटर पाणी लागे, तिथे आता 9 लिटर पुरू लागले. आज आपण ज्याला मोटारीचे तोंड म्हणतो, ती पुढची जाळी म्हणजे या पोळ्याचीच आठवण आहे.

पण आठ हजार नळ्या म्हणजे आठ हजारांच्या वर सांधे, आणि ते सारे कथलाच्या झाळेने जोडलेले. गाडी खड्ड्यातून गेली की प्रत्येक सांधा थोडासा हलतो, तापला की फुगतो, निवाला की आक्रसतो. पूर्वी पाणी जायला एकच उघडी वाट होती. आता चोरवाटा शेकड्यांनी झाल्या. मोटारीची गळती या शब्दाला खरा अर्थ येथून पुढे आला.

अमेरिकेत हेन्री फोर्डची टी मॉडेल गाडी 1908 ते 1927 या काळात दीड कोटींच्या घरात तयार झाली. तिच्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पाणी फिरवणारा पंप होता. मग फोर्डने तो काढूनच टाकला. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते आणि गार झालेले जड होऊन खाली उतरते, एवढ्या निसर्गनियमावर त्याने भिस्त ठेवली. पंपच नाही, म्हणजे पंपाची गळतीही नाही, हा त्याचा हिशेब पक्का होता. सपाट रस्त्यावर तो चाले; चढावर गाडी दमली की पाणी उकळे.

आणि आपल्याकडे तर चढच चढ. मुंबईहून देशावर यायचे म्हणजे एक तर बोरघाट नाही तर थळघाट. बोरघाटातून चाकांची वाहने जाऊ शकतील असा रस्ता 1830 मध्ये सर जॉन माल्कमच्या कारकीर्दीत खुला झाला, तो बैल आणि घोडे यांच्या दमाच्या हिशेबाने. मोटारी त्यावरून धावतील हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. 1926 मध्ये फोर्डची भारतातली कंपनी निघाली आणि 1928 मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला; मग अमेरिकन मोटारी घाटांतून नेहमी दिसू लागल्या. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस्. टी. धावली. घाटात बॉनेट उघडून उभी राहिलेली गाडी, तिच्यातून फुसफुसणारी वाफ, आणि हातात पाण्याचा डबा घेऊन ओढ्याकडे निघालेला क्लीनर, हे चित्र आमच्या आधीच्या पिढीने इतके पाहिले होते की त्याचे कोणाला नवल वाटत नसे.

आमच्या सिन्नरचा अनुभव याहून वेगळा नव्हता. नाशिक-पुणे रस्ता आणि घोटीकडून शिर्डीकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना भेटतात. नाशिककडून आले की मोहदरीचा घाट चढून यावे लागते; पुण्याकडे निघाले की संगमनेर ओलांडल्यावर चंदनापुरीचा घाट लागतो. त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. सिन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचावर आहे. दर तीनशे मीटर उंचीला पाण्याचा उकळबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. म्हणजे आमच्याकडे उघड्या भांड्यातले पाणी शंभर नव्हे, अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. ज्या ठिकाणी इंजिनाला अधिक कष्ट, नेमके त्याच ठिकाणी पाण्याची सहनशक्ती कमी!

यावर तोड म्हणून इंजिनिअरांनी जे केले ते आपल्या घरोघरच्या प्रेशर कुकरासारखेच आहे. रेडिएटरच्या तोंडाला त्यांनी स्प्रिंगचे घट्ट झाकण बसवले. आत दाब वाढला की उकळबिंदू वर सरकतो. चौरस इंचाला पंधरा पौंड दाब असेल तर पाणी सुमारे 121 अंशांपर्यंत उकळत नाही. गाड्या घाटात थांबेनाशा झाल्या. ही सुधारणा मोठी खरी, पण तिची किंमत द्यावी लागली. आता पाणी नुसते फिरत नव्हते; ते नळीनळीला, सांध्यासांध्याला आतून रेटत होते. जो सांधा साध्या पाण्याला दाद देत नसे, तो दाबाखालच्या तापल्या पाण्याला देऊ लागला. शिवाय हा दाब गाडी तापली असतानाच असतो. गाडी निवली, झाकण उघडले, पाहायला बसले, की दाब गेलेला आणि गळतीही थांबलेली! रोगी वैद्यापुढे बसला की त्याचा ताप उतरावा, तशी ही गत झाली.

आता ज्या गाडीशी मराठी कुटुंबांचे विशेष नाते जडले तिच्याकडे वळू. सोलापुरात 1882 मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन बांधणीच्या गाड्या निघाल्या आणि 1954 पासून इटलीच्या फियाट कंपनीची 1100 ही गाडी निघू लागली. वालचंद त्याआधी वर्षभर, 1953 मध्ये वारले होते. याच गाडीची पुढची आवृत्ती 1974 पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली आणि 2000 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण त्यानंतरही टिकले. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदवलेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. खाजगी पद्मिन्या मात्र अजून कुठे कुठे जपलेल्या आढळतात. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. वडिलांनी घेतलेली गाडी मुलगा अशा रीतीने सांभाळतो. अशा घरात पाणी गळू लागले म्हणजे प्रश्न पाण्याचा राहत नाही. गाडी ठेवायची की भंगारात द्यायची, यावर घरात बोलणी सुरू होतात.

या गाडीच्या 1089 घन सेंटिमीटरच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आणि वरचे हेड अॅल्युमिनियमचे. अॅल्युमिनियम तापून लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. दोहोंच्या मध्ये एक पातळ गॅस्केट असते. त्याच्या एका अंगाला जाळ, दुसऱ्या अंगाला पाणी, तिसऱ्याला तेल. पाणी कमी पडून गाडी एकदा भडकली की हेड वाकते, गॅस्केट फाटते, आणि तांब्याभर पाण्याच्या हयगयीपायी हजारो रुपयांचे काम निघते. शिवाय रेडिएटर तांब्यापितळेचा आणि त्याचे सांधे कथील-शिशाच्या झाळेचे. लोखंड, अॅल्युमिनियम, तांबे, पितळ, कथील-शिसे, एवढे धातू एकाच खारट पाण्यात बुडवून ठेवले तर काय होईल? शाळेत विज्ञान शिकलेला मुलगाही सांगेल की तो विजेचा घट झाला. एक धातू दुसऱ्याला खाऊ लागतो. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातला क्षार आणखी थर चढवतो. गळतीची मुळे येथे आहेत, आणि ती वर्षानुवर्षे न दिसता वाढतात.

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांच्या पद्मिनीची कथा या संदर्भात सांगण्यासारखी आहे. दर आठ-दहा दिवसांनी त्यांच्या गाडीत तांब्याभर पाणी कमी होई. गाडीखाली थारोळे म्हणावे तर नाही. कधी तरी खालच्या रबरी नळीवर दोन थेंब दिसत. एका गॅरेजमध्ये ती नळी बदलून झाली. महिन्याने पुन्हा तेच. मग क्लिपा बदलल्या. मग रेडिएटर काढून झाळून घेतला. मग पाण्याचा पंप नवा बसवला. प्रत्येक दुरुस्तीनंतर आठ दिवस बरे जात, आणि नवव्या दिवशी काठी कोरडी निघे. घरातल्या मंडळींनी गाडी विकण्याचा धोशा लावला.

शेवटी एका वयस्क मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही.

"सर, पाणी कुठून जातं ते मागून बघू. आधी कधी जातं ते सांगा."

सहकारी गोंधळले. "कधी म्हणजे? जातं बुवा रोज थोडंथोडं."

"रोज जातं की घाट चढला म्हणजे जातं? उभ्या गाडीतनं जातं की पळत्या? तुम्ही मास्तर माणसं, मुलांची हजेरी घेता. आठ दिवस हिची घ्या."

त्यांनी एक बांबूची कामटी दिली आणि सांगितले की रोज सकाळी, इंजिन गार असताना, झाकण काढून कामटी घालायची, ओलाव्याची खूण पाहायची आणि आदल्या दिवशी गाडी कुठे गेली होती ते वहीत लिहायचे. आणखी एक ताकीद दिली: पाणी तोंडापर्यंत काठोकाठ भरायचे नाही. कारण गार पाणी उकळीपर्यंत तापले की सुमारे चार टक्के फुगते. पाच लिटर पाणी असेल तर पेलाभर जादा पाणी होते, आणि जुन्या गाडीत ते उतू नळीवाटे रस्त्यावर जाते. दुसऱ्या दिवशी मालक पुन्हा काठोकाठ भरतो, पुन्हा तेवढेच बाहेर पडते. ही गळतीच नव्हे. पण हिच्यापायी कित्येक चांगले रेडिएटर उगाच झाळले गेले आहेत.

आठ दिवसांची वही वाचण्यासारखी झाली. घर ते शाळा, शाळा ते बाजार: पाणी खुणेवर. दोन दिवस गाडी उभी: पाणी खुणेवर. नाशिकला जाऊन मोहदरीचा घाट चढून परत: अर्धा बोट खाली. चंदनापुरी घाटापलीकडे एका लग्नाला: दीड बोट खाली. मिस्त्रींनी वही पाहिली आणि म्हणाले, "गारव्यात गळत नाही, म्हणजे नळ्या आणि क्लिपा सुटल्या. गरम झाल्यावर, जोर आल्यावर गळतं. आता बघू कुठून ते."

त्यांच्याकडे एक जुने झाकण होते. त्याला ट्यूबचा वॉल्व्ह झाळून बसवलेला. ते झाकण रेडिएटरवर लावून त्यांनी सायकलच्या पंपाने बेताने हवा भरली. दाबाचा काटा चढला आणि हळूहळू उतरू लागला. गॅरेजमधला रेडिओ बंद करून त्यांनी कान लावला. इंजिनाच्या ठोकळ्याच्या बाजूला, धुराच्या नळीच्या आड, बारीक सुरसुर ऐकू आली. आरसा घालून पाहिले तर तिथली एक टिकली गंजून चाळणी झालेली.

या टिकल्यांचाही इतिहास आहे. इंजिनाचा ठोकळा ओततात तेव्हा पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचे गाभे बसवतात. ओतकाम निवल्यावर ती वाळू बाहेर काढण्यासाठी ठोकळ्याला भोके ठेवलेली असतात, आणि ती भोके पुढे पत्र्याच्या वाटीसारख्या टिकल्या ठोकून बंद करतात. पाणी गोठले तर ठोकळा फुटू नये म्हणून त्या ठेवल्या आहेत असा समज सर्वत्र आहे. पण त्यांचा जन्म ओतशाळेतला आहे. पत्रा पातळ आणि बीड जाड. म्हणून गंज आधी टिकलीला पोचतो. या गाडीत टिकलीतून झिरपलेले बहुतेक पाणी तापल्या ठोकळ्यावर वाफ होऊन जाई, म्हणून थारोळे दिसत नसे. उरलेले दोन थेंब ओघळत खालच्या नळीवर येत, आणि दोष नळीला लागे.

टिकली बदलली, खर्च पूर्वीच्या दुरुस्त्यांच्या मानाने काहीच नव्हता. पण मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. एक टिकली गंजली म्हणजे बाकीच्याही त्याच पाण्यात बसलेल्या आहेत, हे उघड होते. त्यांनी साऱ्या टिकल्या पितळेच्या घातल्या, आतला गंज धुऊन काढला, आणि विहिरीचे पाणी बंद करून शुद्ध केलेल्या पाण्यात कूलंट मिसळून भरले. पाणी पुन्हा पुन्हा का जात होते, याचे अर्धे उत्तर टिकलीत होते आणि अर्धे त्या पाण्याच्या खारटपणात.

कूलंट म्हणजे थंड देशातला प्रकार, आपल्याला त्याचे काय, असे म्हणणारे अजून भेटतात. त्यातला मुख्य पदार्थ ग्लायकॉल. तो एकोणिसाव्या शतकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्यूर्ट्झ याने प्रथम तयार केला, आणि 1927 पासून अमेरिकेत तो मोटारीसाठी विकला जाऊ लागला. तो हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून, हे खरेच. पण त्याने उकळबिंदूही थोडा चढतो, आणि त्यात मिसळलेली गंजरोधक द्रव्ये हीच आपल्या कामाची वस्तू आहे. शिवाय तो रंगीत असतो. जिथे झिरपतो तिथे हिरवा किंवा लाल डाग ठेवून जातो, म्हणून चोराचा माग लागतो. मात्र तो गोडसर असला तरी विषारी आहे. मुलांच्या आणि कुत्र्यामांजरांच्या वाटेत त्याचे भांडे ठेवू नये, आणि सांडला तर लगेच धुवावा.

आपल्याकडच्या गळतीवरच्या घरगुती औषधाचाही उल्लेख केला पाहिजे, नाही तर इतिहास अपुरा राहील. ते औषध म्हणजे हळद. वाटेत रेडिएटर गळू लागला की ड्रायव्हर जवळच्या किराणा दुकानातून हळदीची पुडी घेई आणि ती पाण्यात सोडी. हळदीचे कण फुगून बारीक छिद्रात जाऊन बसत आणि गाडी घरी पोचे. यात हसण्यासारखे काही नाही. अमेरिकेतही गळती थांबवण्याच्या काही गोळ्यांत सुंठीची भुकटी असते. आणि आले व हळद या वनस्पती एकाच कुळातल्या! दोन दूरच्या देशांतल्या मिस्त्रींनी एकाच घराण्याचा आधार घेतला. पण हळद ही आंधळी आहे. कोणते छिद्र वाईट आणि कोणती नळी चांगली हे तिला कळत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही ती बसते, पाण्याचा फेर मंदावतो, आणि गळती बंद झालेली गाडी महिन्याभराने तापू लागते. वाटेवरचे ते औषध घरी पोचल्यावर धुऊन टाकायचे असते, हे पुष्कळांना सांगितलेच जात नाही.

याहून नवलाची गोष्ट पाण्याच्या पंपाची. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक ठेवलेले असते. आतला सील झिजला की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून थेंबथेंब बाहेर यावे आणि मालकाला आगाऊ सूचना मिळावी, म्हणून ते मुद्दाम पाडलेले आहे. पण थेंब दिसला की ते भोकच लांबी भरून बुजवणारे लोक आहेत! मग पाणी बेअरिंगमध्ये जाते, आणि एके दिवशी पंप अडकून पट्टा तुटतो.

सर्वांत लपलेली गळती हेड गॅस्केटची. तीत पाणी गाडीबाहेर येतच नाही. ते नळकांड्यात जाऊन जळते. गाडी चांगली तापल्यानंतरही धुराच्या नळीतून पांढरी वाफ येत राहते. गार गाडी सुरू करून झाकण उघडे ठेवले तर पाण्यात सारखे बुडबुडे दिसतात. चार ठिणगी-प्लगांपैकी एकच धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. आणि प्रकरण हाताबाहेर गेले की तेलाची काठी दुधाळ दिसते. हल्ली एका निळ्या द्रवाची परीक्षाही करतात; रेडिएटरमधल्या वाफेत जळक्या वायूचा अंश असेल तर तो पिवळा पडतो. बेर्थाबाईंच्या गाडीचे पाणी आकाशात जाताना दिसत होते. त्याच पाण्याला आता पकडायला रसायनशाळा लागते!

पाणी जसजसे बंदिस्त होत गेले, तसतसे गळतीचे ठिकाण डोळ्यांआड सरकत गेले. उघड्या वाफेपासून झाळेपर्यंत, झाळेपासून झाकणापर्यंत, झाकणापासून टिकलीपर्यंत आणि शेवटी नळकांड्याच्या आत. म्हणून आजची गळती नुसती पाहून सापडत नाही. ती आठवून आणि लिहून सापडते. गाडी गॅरेजमध्ये तासभर असते आणि मालकाजवळ वर्षभर. ती कधी, कुठल्या रस्त्यावर, किती पाणी पिते हे मालकालाच ठाऊक असू शकते. ते त्याने सांगितले नाही तर मिस्त्रीपुढे एकच मार्ग उरतो: जो भाग ओला दिसेल तो बदलायचा.

ही गोष्ट आज अधिक निकडीची झाली आहे. सिन्नरजवळून समृद्धी महामार्ग गेला आहे. 26 मे 2023 रोजी शिर्डी ते भरवीर हा त्याचा टप्पा खुला झाला. गावात महिनोन्महिने न गळणारी जुनी गाडी तिथे तासभर एका दमात पळवली की पाण्याचा दाब सतत चढता राहतो, आणि जे छिद्र घाटात नुसते पाझरत होते ते तिथे वाहू लागते. दुसरीकडे, तांब्यापितळेचे रेडिएटर जाऊन अॅल्युमिनियमच्या जाळीचे आणि प्लॅस्टिकच्या टाकीचे रेडिएटर आले. ते हलके आहेत आणि कामही चोख करतात, पण फुटले तर बहुधा बदलावेच लागतात. नाशिक जिल्हा तांब्यापितळेच्या भांड्यांबद्दल जुन्या काळापासून प्रसिद्ध. भट्टीजवळ बसून रेडिएटरची एकेक नळी पाण्यात बुडवून तपासणारे आणि झाळणारे कारागीर मात्र आता मोठ्या गावांतही शोधावे लागतात. मुसळगाव आणि माळेगावच्या औद्योगिक वसाहतींत लोखंडाची नाना कामे होतात. तिथल्या एखाद्या तरुणाने ही विद्या उचलली तर जुन्या गाड्यांचे मालक त्याला दुवा देतील.

विजेवरच्या मोटारी आल्या, आता ही कटकट संपली, असे कोणी म्हणेल. पण त्यांतल्याही पुष्कळ गाड्यांत बॅटरी गार ठेवण्यासाठी कूलंटच फिरवतात. तिथेही नळ्या आहेत, सांधे आहेत, पंप आहे. तेव्हा या इतिहासाचे पुढचे प्रकरण अजून लिहायचे आहे.

दिवाळीच्या सुटीत पुष्कळ कुटुंबे गाडी काढून देवदर्शनाला किंवा आजोळी निघतील. निघण्याच्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, पाण्याची पातळी पाहून घ्यावी. तापल्या रेडिएटरचे झाकण काही झाले तरी उघडू नये. आतले पाणी उसळून तोंड-हात भाजल्याच्या घटना थोड्या नाहीत. आणि पुढच्या कप्प्यात नकाशे, चष्मा आणि पावत्या यांच्याबरोबर एक लहानशी वही ठेवावी. तारीख, रस्ता आणि पाण्याची खूण एवढेच तीत लिहायचे. घरातल्या शाळकरी मुलांवर ते काम सोपवले तर ती ते आनंदाने करतील आणि मोठ्यांपेक्षा नेमाने करतील.